वर्कशॉपच्या आवारात गाडी कोणी, कुठे आणि किती वेळ लावायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठेक सभासदांचं सामायिक वर्कशॉप. आवारात आठ चारचाकींपुरती जागा आणि संध्याकाळी तिच्यासाठी मारामार. काही सभासद सकाळी गाडी लावून दिवसभर दुसरीकडे कामाला जातात. एकाच्या अर्धवट बांधलेल्या होडीचा ट्रेलर कित्येक महिने एका जागेवर ठाण मांडून आहे. सभेत तीन गट पडलेत : ‘आधी येईल त्याची जागा’वाले, ‘जादा वर्गणी भरेल त्याला राखीव जागा’वाले आणि ‘आळीपाळीने वाटून घेऊ’वाले. यातलं न्याय्य कोणतं?

अशी वर्कशॉप चालवण्यात बरीच वर्षं गेल्यामुळे सरळच सांगतो : तिन्ही गट एकाच अडचणीत सापडलेत. तिघेही जागा माणसांना वाटायला बसलेत, आणि माणसांना वाटायला गेलं की साठ जणांत आठ जागा कशाही वाटा, बावन्न जण नाराजच राहणार. वाटायची ती जागा कामाला आणि वेळेला. गाडी इथे कशासाठी उभी आहे आणि किती वेळ, एवढे दोनच प्रश्न नियमाने विचारायचे. गाडीचा मालक संस्थापक सभासद आहे की गेल्या महिन्यात आलेला, हे नियमाला कळताच कामा नये.

आधी थोडं गणित करू. वर्कशॉप रोज बारा तास उघडं असेल तर एका जागेचे महिन्याला ३६० तास होतात. आठवड्यातून दोनदा येऊन तीन-तीन तास काम करणारा सभासद त्यातले साधारण २६ तास वापरतो. म्हणजे न हलणारा ट्रेलर चौदा सभासदांचा वाटा एकटा खातो. हा आकडा सभेत टाकला की एकदम शांतता पसरते, पण तो थोडा फसवा आहे हेही लगेच सांगून टाका. सकाळी अकराला आवार निम्मं रिकामं असेल तर त्या वेळी ट्रेलर कोणाच्याच आड येत नाही. तुटवडा असतो तो संध्याकाळी, सहा ते नऊच्या दरम्यान. मग नियमही त्याच वेळेपुरता हवा. दिवसभर गाडी लावून जाणाऱ्यांवर तुमचा जो राग आहे, त्यातला बराचसा ‘साडेपाचच्या आत गाडी काढा’ एवढ्या एका ओळीने संपेल. कोणालाच जागेची गरज नसताना कोणाला हुसकावण्यात न्याय कसला आलाय?

पण गर्दी नेमकी कधी होते हे अंदाजाने ठरवू नका. सभेत प्रत्येक जण आपल्याला जागा मिळाली नाही तोच दिवस लक्षात ठेवून आलेला असतो. दोन आठवडे मोजणी करा. फाटकापाशी एक तक्ता टांगा आणि दर अर्ध्या तासाला चार गोष्टी भरा : किती जागा भरल्या आहेत, त्यातल्या किती गाड्यांचे मालक आत काम करत नाहीत, सामान उतरवायला कोणी ताटकळलं का, आणि कोणी जागा नाही म्हणून परत गेलं का. गाड्यांचे नंबर अजिबात लिहू नका. नंबर आले की मोजणीची पाळत होते, लोक सावध होतात आणि आकडे बिघडतात. मोजायचं काम सभेत सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणाऱ्या दोघांना द्या, दोन विरुद्ध गटांतून एकेक. आकडे स्वतःच्या हाताने लिहिलेले असले की ते खोटे आहेत असं नंतर कोणाला म्हणता येत नाही.

किती जागा भरलेल्या असणं ठीक? अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी रस्त्याकडेच्या पार्किंगसाठी एक सोपा निकष मांडला होता : साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे जागांचा उपयोगही होतो आणि नव्याने येणाऱ्याला घिरट्या घालाव्या लागत नाहीत. आठ जागांच्या आवारात टक्केवारी फार ताणण्यात अर्थ नाही, पण तिचं रोजच्या व्यवहारातलं रूप सोपं आहे. गर्दीच्या वेळीसुद्धा एक जागा रिकामी दिसली पाहिजे. ती सतत रिकामी दिसत असेल तर तुमचा प्रश्न पार्किंगचा नाहीच, दोन माणसांच्या भांडणाचा आहे. त्याला नियम नको, त्या दोघांना समोरासमोर बसवणं पुरे.

वाटणीच्या आधी काही जागा वाटणीतून बाहेर काढाव्या लागतात, आणि इथेच बहुतेक सभा घाई करतात. पहिली जागा शटरसमोरची. प्लायवुडचा पूर्ण तक्ता २४४० बाय १२२० मिलिमीटरचा असतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पावणेतीन मीटरच्या आसपास. दोन माणसं तो आडवा धरून दारात वळवायला लागली की तेवढं मोकळं वर्तुळ लागतं, शिवाय धरणाऱ्यांना पाय ठेवायला जागा. लोखंडी पाइप नि अँगल बहुधा सहा मीटर लांबीचे येतात. ते वळत नाहीत, सरळच आत घ्यावे लागतात. शटरपासून दोन मीटरवर कोणी ‘पाचच मिनिटं’ म्हणून गाडी लावली की पाइप आत न्यायचे तर ते गाडीच्या टपावरून न्यावे लागतात, आणि मग ओरखडा कोणी काढला यावर पुढची सभा रंगते. त्यामुळे शटरसमोर निदान सात-आठ मीटर लांबीची पट्टी रंगवून घ्या आणि ती फक्त सामान चढवण्या-उतरवण्यासाठी ठेवा. तिथला नियम एका श्वासात वाचून व्हावा : ‘२० मिनिटं, चालक हाकेच्या अंतरावर, किल्ली खिशात.’ यातलं ‘हाकेच्या अंतरावर’ हे वीस मिनिटांपेक्षा महत्त्वाचं. लेथसारखं जड यंत्र उतरवायला तासभर लागला तरी कोणाची हरकत नसते. चालक सापडत नाही तेव्हा हरकत असते.

दुसरी जागा अपंग सभासदाची. असा सभासद आज नसेल तर ‘तेव्हा बघू’ म्हणू नका, कारण जागा नाही म्हणूनच तो आलेला नसतो. नियम देशागणिक वेगळे. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या मानकांप्रमाणे पंचवीसपर्यंत जागांच्या आवारातही एक जागा अशी ठेवावी लागते आणि तिच्या शेजारी किमान ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर, मोकळी पट्टी लागते. चाकाची खुर्ची गाडीतून काढून उघडायला ती पट्टी असते. वर्कशॉपमध्ये नेमकी तीच पट्टी पॅलेट, रिकामे ड्रम आणि भंगार ठेवायला वापरली जाते. गाडी लावलेली नाही म्हणजे जागा मोकळी आहे, असा लोकांचा समज असतो. तिथे रेघा मारून भागत नाही, ‘इथे सामानही नको’ असं अक्षरांत लिहावं लागतं.

तिसरी गोष्ट आगीची. आग विझवणाऱ्या गाडीची वाट, बाहेर पडायचं दार, पाण्याचा नळ हे तुमच्या इथल्या नियमाप्रमाणे मोकळं ठेवायचं, त्यावर मतदान नसतं. त्याखेरीज वर्कशॉपची स्वतःची एक अडचण असते. आवारात ग्राइंडिंग नि वेल्डिंग चालतं. ठिणगी गाडीच्या काचेवर बसली की काचेत बारीक खड्डे पडतात, ते पुसून जात नाहीत. वारा असेल तर स्प्रे पेंटचा तुषार बराच लांब जाऊन बसतो. आणि गाडीत इंधन असतं. एनएफपीए ५१बी या आगीपासून सुरक्षिततेच्या अमेरिकी मानकात ठिणग्यांच्या कामापासून ३५ फुटांच्या, म्हणजे जवळपास ११ मीटरच्या, आतलं जळाऊ सामान हलवावं, नाहीतर झाकून सुरक्षित करावं असं म्हटलं आहे. हा आकडा घेऊन तुमच्या वेल्डिंगच्या जागेपासून फीत धरा. आठातल्या एक-दोन जागा बहुधा त्यात सापडतील. त्या जागा ‘वेल्डिंग चालू नसताना’ असा फलक लावून ठेवता येतात, पण मग वेल्डिंग सुरू करायच्या आधी गाडी हलवायला कोणाला हाक मारायची हेही ठरवावं लागतं. मी तिथे दुचाक्यासुद्धा लावू देत नाही. सायकलींचं स्टँड दुसऱ्या टोकाला न्या. एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात मावतात, आणि आवारातली गर्दी कमी करायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. स्टँडवर छप्पर आणि सायकल साखळीने बांधायला भक्कम दांडा एवढं दिलं तरी काही जण आपण होऊन चारचाकी घरी ठेवतात.

हे सगळं वजा केल्यावर आठाच्या पाच किंवा साडेपाच जागा उरतील. आता तिन्ही गटांकडे वळू.

‘आधी येईल त्याची जागा’ ऐकायला सगळ्यात न्याय्य वाटतं. त्यात एक मेख आहे : ज्याची वेळ त्याच्या हातात आहे तोच नेहमी आधी येतो. आठ तासांची नोकरी करून, मूल घरी सोडून साडेसातला पोचणाऱ्या बाईला ही पद्धत कधीच जागा देत नाही, आणि तीही वर्गणी तेवढीच भरते. यावर गर्दीच्या वेळी तीन तासांची मर्यादा घातली तर मात्र हीच पद्धत बरीच सरळ होते. माझा कल याच बाजूला आहे. राबवायला सोपी, कागद कमी.

पैसे भरून राखीव जागा ही मला वर्कशॉपमध्ये पटत नाही. पैसे वाईट म्हणून नव्हे. राखीव जागेचा मालक आला नाही तरी ती रिकामी पडून राहते आणि बाकीचे तिच्याकडे बघत फाटकाबाहेर उभे राहतात, म्हणून. शिवाय एकदा विकलेली जागा परत घेता येत नाही. पुढच्या वर्षी शटर रुंद करायचं ठरलं तर आधी त्या सभासदाची समजूत काढावी लागते. पैशाचाच मार्ग हवा असेल तर जागा विकू नका, गर्दीच्या वेळेतले तास विका, आणि तो पैसा आवारावरच खर्च होताना दिसू द्या.

आळीपाळी कागदावर गोड दिसते. पण लाकूडकाम करणाऱ्याचं काम वेळापत्रक बघून चालत नाही. सरस मंगळवारी वाळला म्हणून जोडणी मंगळवारी, आणि पाळी गुरुवारी. मग अदलाबदल सुरू होते, अदलाबदलीची वही येते, वही सांभाळणारा येतो. आळीपाळी फक्त एका ठिकाणी चालते : ट्रेलर किंवा मोठं वाहन काही दिवस ठेवायची एकच जागा असेल आणि मागणारे चौघे असतील, तिथे.

अपवाद कोणाला? संध्याकाळचा वर्ग शिकवणाऱ्याला वर्गाच्या दिवशी, कारण तो उशिरा पोचला तर बारा जण खोळंबतात. रात्री शेवटी कुलूप लावणाऱ्याला दाराजवळची उजेडातली जागा, कारण रात्री साडेदहाला एकट्याने अंधारात चालत जायचं आहे म्हणून लोक ही जबाबदारी टाळतात. कार्यकारिणीला काहीही नाही. हे ठळक लिहा. पार्किंगचे नियम सर्वाधिक वेळा मोडतात ते ‘मी जरा कामासाठीच आलोय’ म्हणणारे पदाधिकारी, आणि एकदा आपला तो बाब्या झाला की दुसऱ्याला कार्टं म्हणायची सोय राहत नाही.

दंडाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या सभेत कोणीतरी काढणारच. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांचा इस्राएलमधल्या हायफा शहरातल्या पाळणाघरांवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहापैकी सहा पाळणाघरांत दंड लावला, तर उशिरा येणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. आणि दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीच्या पातळीवर उतरलं नाही. पालकांच्या मनात ओशाळेपण होतं, त्याच्या जागी दर आला. वर्कशॉपमध्ये हेच होतं. छोटा दंड लावला की ‘भरतो की दंड’ म्हणणारा सभासद उजळ माथ्याने शटरसमोर गाडी लावतो.

दंडाऐवजी पायऱ्या ठेवा. सामायिक कुरणं, पाणी, मासेमारी लोक आपापसांत कशी सांभाळतात याचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, देखरेख करणारे त्यांच्यातलेच किंवा त्यांना उत्तरदायी, पहिल्या चुकीला हलकी शिक्षा आणि पुढे वाढत जाणारी, आणि भांडण मिटवायला जवळची, स्वस्त जागा. आवारात याचा अर्थ असा : पहिल्यांदा वायपरखाली चिठ्ठी, तीही सभ्य. दुसऱ्यांदा फोन. तिसऱ्यांदा महिनाभर गर्दीच्या वेळी आवारात गाडी बंद, वर्कशॉप मात्र चालू. सभासदत्वाला हात लावायची वेळ क्वचितच येते. गाडी उचलून नेण्याची धमकी फलकावर लिहू नका. ती अमलात आणायचा कायदेशीर अधिकार आपल्याला आहे का हे बहुतेकांनी तपासलेलं नसतं, आणि पोकळ धमकीने बाकीचे नियमही पोकळ ठरतात.

सभेचं काय करायचं? ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये समित्यांची जी टिंगल केली त्यात अणुभट्टीचा खर्च काही मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या शेडवर मात्र खल चालतो, कारण शेड प्रत्येकाला कळते. पार्किंगच्या सभेत कोणीतरी हमखास हा दाखला देऊन ‘क्षुल्लक गोष्टीवर वेळ घालवू नका’ म्हणतो. मला ते मान्य नाही. चाळीस किलोचं सामान घेऊन येणारा, कुबड्या घेऊन चालणारी, रात्री उशिरा एकटी निघणारी, यातलं कोण सभासद राहू शकतं हे आवारच ठरवतं. वेळ जरूर द्या, पण एका बैठकीत मोजणीचे आकडे आणि दुसरीत नियम, असा दोनदाच. पहिल्या बैठकीत उपाय सुचवायला बंदी घाला. प्रत्येकाने फक्त सांगायचं की जागा न मिळाल्याने माझं कोणतं काम अडलं. ‘मला जागा मिळत नाही’ आणि ‘माझे सहा मीटरचे पाइप रस्त्यावर उतरवावे लागले’ यांतल्या दुसऱ्या वाक्यातून नियम निघतो. पहिल्यातून फक्त चिडचिड निघते. आणि जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांच्याकडून लेखी घ्या. संध्याकाळच्या सभेला नेमके संध्याकाळी उशिरा पोचणारेच गैरहजर असतात.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं थोडक्यात. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली की ती तीनेक किलोवॅट तासन्‌तास ओढत राहते. त्याच सर्किटवर वेल्डिंग मशीन किंवा भुसा ओढणारा पंखा असेल तर कोणाचं तरी काम अर्ध्यावर बंद पडणार. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन आणि मीटर होईपर्यंत ‘चार्जिंग नाही’ हाच नियम ठेवा. ई-सायकलच्या बॅटऱ्या आत, भुश्याच्या शेजारी चार्जिंगला लावणं तर आजच बंद करा.

आता ट्रेलर. तो पार्किंगमध्ये धरू नका. चाकं असली तरी ते साठवण केलेलं सामान आहे, आणि आतल्या फरशीवर पडून असलेल्या अर्धवट कपाटांचा, गंजलेल्या फ्रेमचा जो नियम तोच त्याला. तुमच्याकडे असा नियम नसेल तर आधी तोच करा. प्रत्येक अर्धवट कामावर एक चिठ्ठी : नाव, फोन, ठेवल्याची तारीख, उचलायची तारीख, आणि ‘अडचण झाल्यास कोणीही हलवू शकतो’ किंवा ‘मला विचारल्याशिवाय हलवू नये’. तारीख एकदा वाढवून मिळेल, दुसऱ्यांदा सभासदांच्या बैठकीत येऊन मागायची. चिठ्ठी नसलेलं सामान दोन आठवडे एका ठरलेल्या कोपऱ्यात, मग मालकाला लेखी कळवून विल्हेवाट. ही विल्हेवाटीची अट सभासदत्वाच्या अर्जातच सही करून घ्या, नाहीतर ती कागदावरच राहील.

ट्रेलरच्या मालकाला मात्र नवा नियम पहिल्याच दिवशी लावू नका. तो जुन्या डोळेझाकीच्या भरवशावर होडी बांधत होता. त्याला तीन महिन्यांची लेखी मुदत द्या आणि तोवर ट्रेलर आवाराच्या सगळ्यात निरुपयोगी कोपऱ्यात, वेल्डिंगच्या पट्ट्यापासून लांब, हलवायला चार जण मदतीला पाठवा. पत्र अध्यक्षांनी लिहावं, भांडणातल्या कोणी नव्हे. बाकीचे नियमही त्याच तीन महिन्यांसाठी प्रायोगिक म्हणून मंजूर करा आणि मुदत संपताना तोच तक्ता फाटकावर पुन्हा दोन आठवडे टांगा. परत गेलेल्यांचा रकाना रिकामा आला तर नियम कायम करा. आला नाही, तर आधी तीन तासांची मर्यादा दोनावर आणून बघा, नवा नियम नंतर.